पडायची शिकवणी

मोबाइलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. आता कंपनी म्हणाली, टॉवरची तपासणी ड्रोन करणार. उडवायला शिका, नाहीतर घरी बसा.

मैदानावर त्याच्या मुलीच्या वयाची शिक्षिका दिवसभर सांगत होती, "काका, अंगठा हळू. रिमोटची दांडी ढकलू नका, नुसती कलती करा." त्याच्या राठ अंगठ्यांना ते हळू काही कळत नव्हतं. ड्रोन वाऱ्यात झोकांड्या खायचा आणि खाली बांधलेल्या जाळीत येऊन आदळायचा. बरोबरची पोरं तोंड फिरवून हसायची.

संध्याकाळी तो घरी आला आणि बूटही न काढता भिंतीला टेकून बसला. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कसं झालं?"

"सहा वेळा पडलो. या वयात नाही गं जमायचं मला."

तिचा चेहरा उतरला. ती त्याच्याशेजारी खाली बसली.

"पडलात तेव्हा उभे कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? जमिनीवरच. पडला तो ड्रोन."

"मग उद्या खुशाल साठ वेळा पडा," असं म्हणताना तिला रडू आवरेना.