पुरातला माणूस

“पडद्यावर वाचणाऱ्याला मी वाचक म्हणत नाही,” भूपेंद्रभाऊंनी ठणकावलं. “पुस्तक हातात घ्यावं. आवडलं तिथं पानाचा कोपरा दुमडावा. पडद्यावर काय दुमडणार, बोट?”

नंदुरबारच्या वाचनालयातली मंडळी हसली. आजची चर्चा भाऊंच्याच पुस्तकावर होती. तापीकाठच्या आपल्या गावाच्या आठवणी त्यांनी वीस वर्षांपूर्वी छापल्या होत्या. आता सून रुचिकाने त्यांचं ई-पुस्तक केलं होतं. सासऱ्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं.

मागच्या रांगेतून दिवलीबाई उठल्या. खापर गावाजवळच्या एका पाड्यावरच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक टाइप दिसत नसे. हातात टॅब होता.

“भाऊ, मी तुमचं पुस्तक यावरच वाचलं, अक्षर बोराएवढं करून. फार आवडलं. पण यात शब्द शोधायची सोय आहे. ‘रानटी’ टाकून बघितलं. सतरा ठिकाणी निघालं. सतराही वेळा आमच्या लोकांबद्दल.”

हसू थांबलं.

“अहो बाई, त्या काळी सगळेच तसं म्हणायचे.”

“सगळे म्हणजे कोण? आम्ही तर नव्हतो म्हणत.”

वीस वर्षांत कितीतरी लोकांनी पुस्तकाचं कौतुक केलं होतं. त्यांच्यापैकी कुणालाच हा शब्द टोचला नव्हता, आणि लिहिणाऱ्यालाही नाही.

“छापलेलं आता बदलणार कसं?” भाऊ हळूच म्हणाले.

“यातलं बदलता येतं, पप्पा. आत्ता, इथंच,” रुचिकाने लॅपटॉप उघडला.

भाऊ गोंधळले की अहिराणीत शिरायचे. “मंग आते काय लिखू? आदिवासी लिखू? भिल लिखू?”

“जिथं सगळ्यांबद्दल आहे, तिथं आदिवासी लिहा,” दिवलीबाई म्हणाल्या. “पण पुराच्या प्रकरणात तेवढ्यानं भागणार नाही.”

रुचिकाने ते प्रकरण काढून मोठ्याने वाचलं. “‘आजोबा पुरात बाभळीला धरून होते. एका काळ्याकभिन्न रानटी माणसाने उडी घेतली आणि त्यांना काठावर आणलं. तो कोण, कुठला, कुणालाच कळलं नाही.’”

“पुढच्याच ओळीत मी त्याला देवमाणूस म्हटलंय,” भाऊ घाईने म्हणाले.

“देवमाणसाला नाव असतं की, भाऊ. आमशा. तुमच्या गावात कापसाच्या निंदणीला आले होते. दर होळीला आम्हाला ही गोष्ट सांगायचे. पुरात शेटचं, म्हणजे तुमच्या आजोबांचं, धोतर वाहून गेलेलं. काठावर बायका जमलेल्या. शेट पाण्याबाहेर यायलाच तयार नाहीत! मग यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यांना नेसायला दिलं.”

सगळं वाचनालय खो खो हसलं. भूपेंद्रभाऊ तेवढे बघत राहिले. धोतराची गोष्ट पुस्तकात नव्हती. आजोबांनी ती फक्त घरात सांगितली होती, तीही बाहेर फुटणार नाही असं वचन घेऊन.

“तुम्हाला हे कोणी...”

“वडील ते माझे.”

भाऊ उठले. खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत गेले आणि त्यांनी दिवलीबाईंना वाकून हात जोडले. दिवलीबाईंनी घाईघाईने त्यांचे हात धरले. दोघांचेही डोळे भरले होते आणि दोघंही हसत होते.

“रुचिका, लिख. आमशा,” भाऊ तिथूनच म्हणाले.

कळा वाजल्या. ‘काळाकभिन्न’ गेलं, ‘रानटी’ गेलं. तिथं नाव आलं.

“आणि धोतराचं, पप्पा?” रुचिकाने ओठ दाबून विचारलं.

“ते बी लिख,” भूपेंद्रभाऊ म्हणाले. “मुंडासं अजून आमना देव्हारामा शे.”