काळं पडणारं भांडं

दत्तोबा वडके हातोडीने तांब्याचा हंडा मठारत होते, तेवढ्यात फळीवरचं राखणदार यंत्र बोललं, "एक जाहिरात आली आहे. तपासली, खरी निघाली. ऐकवू?"

हातोडी थांबली. घरोघरी हे राखणदार आल्यापासून थापा मारणारी जाहिरात माणसाच्या कानापर्यंत पोचतच नसे. दत्तोबांकडे तर सहा महिन्यांत एकही पोचली नव्हती.

त्यांची लेक केतकी डिजिटल मार्केटिंगच्या इंटर्नशिपला लागली होती. बरोबरीची मुलं 'कायम चकाकणारं', 'जन्मभर नवं' असलं काहीबाही लिहून पाठवत आणि राखणदार ते परत धाडत. केतकीच्याही अकरा जाहिराती परत आल्या. बारावी परत आली, तर प्रमाणपत्र विसरायचं होतं. मग सुट्टीचा एकेक दिवस ती वही घेऊन बापाच्या दुकानात बसली. दत्तोबा चिडले होते, "शिकायला तिकडे पाठवलं, इथे काय ठेवलंय?"

"ऐकव," ते आता म्हणाले.

"हे भांडं आठ दिवसांत काळं पडेल. चिंच लावून घासायचा कंटाळा असेल, तर घेऊ नका. घासणार असाल, तर नातवंडंही यातलंच पाणी पितील."

चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच सांगत आले होते, अगदी याच शब्दांत.

"कुणी लिहिलंय?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"तुला नसेल," दत्तोबा म्हणाले. हातोडी ठेवून ते दुकानाबाहेर आले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी लेकीचं नाव सांगितलं.