चढवलेला काटा

"काटा वर आहे," शिंप्याने भिंतीवरच्या दाबमापकाच्या काचेवर टिचकी मारली. "मासे काही लागायचे नाहीत. पण वादळही नाही. जरा तळ्यावर जाऊन येतो."

बायकोने चहाचा कप खाली ठेवला. हवेचा दाब खरं तर सकाळपासून उतरत होता. काटा वर होता तो तिने चढवला म्हणून.

लग्न झाल्यापासून त्याचं एकच चाललं होतं. दाब उतरायला लागला की वादळाआधी मासे अधाशासारखे खातात, गळाला पटापट लागतात, असं तो सांगायचा. काटा खाली कलला की दुकान बंद, होडी तळ्यात. यायचा अंधार पडल्यावर, चार मासे घेऊन. घरात घाण नको म्हणून अलीकडे तिथेच साफ करून आणायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी म्हणायच्या.

तिला मासे नको होते, तो हवा होता. म्हणून तो आंघोळीला गेला की ती दाबमापकामागचा स्क्रू फिरवून काटा वर आणून ठेवू लागली. युक्ती लागू पडली. तो घरी थांबू लागला. मुलीला काजं करायला शिकवली, जेवताना गप्पा मारल्या. पण मधूनच उठून काचेपाशी जायचा, कपाळाला आठ्या घालून उभा राहायचा.

आज त्याला थांबवायला हवं होतं. पण स्क्रूचं कोणत्या तोंडाने सांगणार? "लवकर या," एवढंच ती म्हणाली.

दुपारी आभाळ फाटलं. पत्रे उडाले. मुलीला शेजारी सोडून ती तळ्याकडे धावत सुटली. एवढ्या वेळेला त्यांना परत येऊ दे, पुन्हा त्या स्क्रूला हात लावणार नाही, असं वाटभर घोकत.

काठावर होडीवाला एकटाच पालथ्या होड्यांचे दोर आवळत होता. पाण्यात एकही होडी दिसत नव्हती. तिने त्याचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"मीच घालवलं त्यांना," ती म्हणाली. "त्यांची होडी कुठे दिसली का हो?"

होडीवाल्याने शेजारच्या निळ्या होडीवर हात ठेवला.

"वहिनी, ही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी मला विकली. तेव्हापासून ते तळ्याकडे फिरकलेलेच नाहीत."