मूळ वही

आता सगळं वाचन कानामागच्या चकतीतून थेट डोक्यात उतरायचं. त्यामुळे पीएचडी करणारी तेजल तांडेल कागदाची पानं उलटू लागली, तेव्हा विभागात तिचं हसंच झालं.

"चारशे शोधनिबंध सांगतायत, खाडीतला निळा खेकडा नामशेष झालाय," तिचे गाईड खोब्रेकर सर म्हणाले. "चकती लाव आणि पुढचं प्रकरण लिही."

"सर, ते चारशेही एकाच जुन्या निरीक्षणवहीचा हवाला देतात. ती वही कुणी उघडलीय?"

तेजलनं सहा आठवडे त्या वहीतलं गिचमिड अक्षर लावलं आणि शेवटची नोंद सरांसमोर ठेवली: 'आज भरती होती. खेकडा दिसला नाही.'

मग तिनं ओहोटीची वेळ पाहिली आणि गमबूट चढवले. दारात सर आपली चकती काढत उभे होते.