बारावी म्हैस

गोठ्यातला खुंटा रिकामा दिसला, तसे जनावरांचे डॉक्टर कुलथे दारातच थबकले. त्यांनी बारा लंगड्या म्हशींच्या पायांवर शस्त्रक्रिया केली होती. शोधनिबंध छापण्याआधी संपादकांनी विचारलं होतं, वर्षभरानंतर बाराही धड चालतात का? अकरा चालत होत्या; हिराक्कांची बारावी तेवढी बघायची राहिली होती.

"हिराक्का, म्हैस विकलीत का?"

"इकतीय कशाला? रानात गेलती. ही बघा, आली."

म्हैस संथपणे आत आली. टाक्यांची खूण शोधायला डॉक्टरांनी तिच्या मांडीला हात लावला आणि दुसऱ्याच क्षणी ते शेणात बसले होते.

"लागलं का वो?" हिराक्का धावत आल्या.

"ते राहू द्या. लाथ कुठल्या पायानं मारली?"

त्या ओशाळल्या. "उजव्या. तुमी कापल्याला त्योच."

शेणातच बसून डॉक्टर हसत हसत खिशातली वही शोधू लागले.