घासलेला कोपरा

शिरोलीतल्या माझ्या शेडमध्ये आम्ही दोन प्रिझम चिकटवून काचेचे ठोकळे बनवतो. त्यातल्या एका प्रिझमवरचा आतला लेप प्रकाश ध्रुवणानुसार फोडतो. एक किरण सरळ जातो, दुसरा काटकोनात वळतो. लेझर लेपवाल्या प्रिझमकडूनच सोडायचा, नाहीतर गोंद करपतो, म्हणून तिथं आम्ही लाल ठिपका देतो. आज गिऱ्हाईक दुसऱ्याच एका नव्या कारखान्यानं बनवलेला ठोकळा घेऊन आलं. "ठिपकाच न्हाय की! बाजू कंची?" माझ्या हाताखाली बारा वर्षं शिकलेल्या जयसिंगनं तो उचलला, न बघता अंगठ्यानं एक घासलेला कोपरा चाचपला आणि बरोबर वळवून लेझरसमोर ठेवला. दोन्ही किरण लख्ख उमटले. असली खूण बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. सोमवारच्या सुट्टीला तो आजारी आईकडं गगनबावड्याला जातो म्हणायचा. मी डबा भरून द्यायचे. मी म्हटलं, "जयसिंग, आईचा डबा त्या कारखान्यात कोण कोण खात हुतं रं?"