लव्हाळ्यातलं ठिगळ

"उजवीकडची लव्हाळी नीट बघा. एकच झुपका तीनदा आलाय. तिथे ठिगळ आहे."

मास्तरांनी एवढंच लिहिलं आणि 'पाणथळ' या पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गटावर रविवारी सकाळीच गलका उठला.

फोटो कवळीवाल्याचा होता. नदीतल्या वाळूच्या बेटावरून सुरय पक्ष्यांचा अख्खा थवा एकदम उठलेला, शंभरेक पांढरे पंख आणि मागे कोवळं ऊन. आयुष्यात एकदाच मिळतो असा फोटो. कवळीवाला दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून गटात त्याला तेच नाव पडलं होतं. दात केसभर सरकला तरी याचं जेवण गोड लागत नसे. अशा माणसाने एकच झुपका तीनदा चिकटवावा म्हणजे कमालच झाली.

गटाची रीत सोपी होती. रविवारी एकाने फोटो टाकायचा, बाकीच्यांनी त्याची बिनपाण्याने करायची आणि त्याने निमूट ऐकून घ्यायचं. रंग खुलवा, उजेड उतरवा, कडा कापा, सगळं चालत होतं. फोटोतून काही पुसलं तर मात्र आधीच सांगायचं. कुणी शंका घेतली तर मूळ फाइल सगळ्यांपुढे ठेवायची. हा नियम मास्तरांचाच. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर हा गट त्यांनीच उभा केला होता.

कवळीवाल्याने उत्तर लिहिलं, "ठिगळ आहे. सांगायला हवं होतं, चुकलो. मूळ फाइल मात्र टाकणार नाही."

मग काय विचारता! चारा टाकला असेल, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, पक्षी दोरीने बांधला असेल. दुपारी एका नाववाल्या सभासदाने बातमी दिली आणि थट्टा थांबली. बेटावरची घरटी ओस पडली होती. आठवडाभर कुणीतरी रोज सकाळी थवा उठवत होतं. शेवटी पक्षी परतलेच नाहीत आणि उघड्या वाळूवरची अंडी उन्हात करपली. कुणी केलं हे शोधायची गरज कुणाला वाटली नाही. ज्याने काहीतरी लपवलं, त्यानेच केलं.

संध्याकाळी कवळीवाल्याची लेक त्याच्या कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. गटातर्फे घरट्यांची मोजणी तीच करायची.

"बाबा, एकतीस घरटी होती. दोन महिने मोजत होते मी."

"माहितीये गं."

"तुम्ही बेटावर उतरला होतात?"

"नाही. अलीकडच्या काठावरून काढलाय."

"मग पुसलं काय?"

"लव्हाळ्यात काहीतरी होतं. चांगलं दिसत नव्हतं."

"मग दाखवा की ते. एवढं काय आहे त्यात?"

तो कवळीच्या गुलाबी मेणावर सुरी फिरवत राहिला.

"बरं. कळलं मला," ती म्हणाली आणि गेली. दिवसभर ऐकलेल्या सगळ्यात त्याला हे तीन शब्द जास्त लागले.

मग मास्तरांचा फोन आला.

"अरे, राग मानू नकोस. नियम सगळ्यांना सारखा."

"नाही मास्तर. तुमचं बरोबरच आहे."

"मी तापाने पडलो, नाहीतर त्या दिवशी तुझ्याबरोबर आलोच असतो. मी असतो तर तुझ्या हातून असं काही झालं नसतं."

"ताप उतरला ना?"

"उतरला. फाइल कुणाला दाखवलीस का?"

"नाही."

"लेकीला?"

"तिलाही नाही."

"मग मला तरी सांग, काय होतं तिथे?"

"गवतच होतं, मास्तर. वाळलेलं."

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. बायको गेल्यावर दोन वर्षं हा माणूस उंबरठा ओलांडत नव्हता. मास्तर रोज यायचे, बोलला नाही तरी बसायचे. एक दिवस त्यांनी आपला जुना कॅमेरा त्याच्या हातात कोंबला आणि जवळजवळ ओढतच त्याला पाण्याकाठी नेलं. त्या दिवसानंतरचं सगळं आयुष्य आपल्याला मास्तरांनी दिलं, असं तो मानायचा. आता त्या आयुष्यातून त्याचं नाव जाणार होतं आणि त्याला भयंकर वाईट वाटत होतं.

सोमवारी गटावर मतं मागवली. त्याला काढावं की ठेवावं? मास्तरांनी लिहिलं, "माझाच विद्यार्थी, पण इलाज नाही." बत्तीस जणांनी 'काढावं' म्हटलं. त्यात एक मत लेकीचं होतं. तिने ते लपवलं नाही, त्यानेही काही विचारलं नाही. दोघं शेजारी बसून जेवली. मीठ हवंय का, एवढंच काय ते बोलणं झालं.

मंगळवारी सकाळी तो तयार कवळ्या द्यायला दवाखान्यात गेला. लेकीने त्याचा कॉम्प्युटर सुरू केला. तिला खात्री होती, त्याने फाइल उडवली नसणार. ज्याच्याकडून जबड्याचा जुना साचाही टाकवत नाही, तो मूळ फोटो काय टाकणार? तिला निदान खरं काय ते बघायचं होतं. बापाने नेमकं काय केलं हे कळलं असतं, तर त्याच्याशी मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

फाइल उघडली. तोच थवा, तेच ऊन. उजवीकडे लव्हाळ्यात गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. गळ्यात कॅमेरा आणि उगारलेल्या हातात दगड. दुसऱ्या हातात आणखी दोन होते. तिने फोटो मोठा केला. चेहरा अगदी स्वच्छ आला होता.

मास्तर होते.